अठ्ठावीस प्रश्न

"दार उघडलंस की तो पायात येईल. सांभाळून ये," मावशी आतूनच ओरडल्या.

कुत्र्याचं पिल्लू न्यायला आलेल्या मुलीनं दार जपून ढकललं. पिल्लू पायात आलंच. चपला हुंगून झाल्या आणि त्यानं नेहमीप्रमाणे गळा काढला. त्याचं नावच रड्या पडलं होतं.

रड्या दोनदा नव्या घरी जाऊन परत आला होता. पहिल्यांदा चार दिवसांत, दुसऱ्यांदा तर एकाच दिवसात. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मावशींना बजावलं होतं, "आता परत आला तर याला निवाऱ्यातल्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल. तिथं तो मोठा होईल, आणि मोठं कुत्रं कोणी नेत नाही." नाल्यातून काढलेली सहा नवी पिल्लं उद्या मावशींकडे यायची होती. घर दोन खोल्यांचं. रड्याला आज घर मिळायलाच हवं होतं आणि ते कायमचं मिळायला हवं होतं. मावशींच्या जिवाला घोर लागला होता.

मावशी पूर्वी एका कचेरीत टायपिस्ट होत्या. पिल्लू न्यायला येणाऱ्याला त्या स्वतः टाइप केलेले अठ्ठावीस प्रश्न विचारत. डॉक्टर चेष्टा करत, "मावशी, परदेशात जायला तरी एवढी चौकशी नसते हो." पण मावशींनी एकही प्रश्न कधी गाळला नाही. निम्मे लोक दहाव्या प्रश्नाला घड्याळ बघत आणि पंधराव्याला काहीतरी निमित्त काढून उठत. उठणाऱ्याला मावशी थांबवत नसत.

"बस. वय?"

"सत्तावीस."

"घरी कोण कोण?"

"मी एकटीच. आई गेल्या वर्षी गेली."

मावशींचं पेन थांबलं. एकटी म्हणजे दिवसभर पिल्लू कोंडलेलं. "नोकरी?"

"भाषांतराची कामं करते. घरूनच."

पेन पुन्हा चालू लागलं. "माझा पत्ता कोणी दिला?"

"आईचं कपाट आवरताना सापडला. तिनं एका कागदावर लिहून ठेवला होता."

"म्हणजे त्यांनी माझ्याकडून नेलं होतं की काय?"

"हो. तुमच्याकडूनच."

मावशींची कळी खुलली. त्यांनी फळीवरची जाडजूड वही काढली. "पंचवीस वर्षांची नोंद आहे यात. एकशे बारा पिल्लं. साल सांग, आत्ता काढून देते."

"त्यात नसेल. वही सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे."

"असेल, असेल. तेव्हा एखाददुसरं दिलंय मी असंच. सगळी कुठे लक्षात राहतात?"

मुलीनं खाली वाकून रड्याला उचललं आणि मांडीवर घेतलं.

"नीट वाढलं ना पण?" मावशींनी विचारलं.

"वाढलं. आईनं जिवापाड सांभाळलं."

मावशींना एकदम हलकं वाटलं. म्हणजे या घराची पारख आधीच होऊन गेली होती. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनं कागद बाजूला ठेवून चहा टाकला असता. मावशींनी पुढचा प्रश्न घेतला. मुलगी एकेकाचं उत्तर देत गेली. घड्याळाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. पिल्लाकडेही कमीच, तिची नजर सारखी मावशींवर होती. मन लावून ऐकणारी माणसं हल्ली मिळतात कुठे, असं मावशींच्या मनात आलं.

"उद्या लग्न झालं, मूल झालं, तर याचं काय?"

"राहील की. अडचण आली म्हणून कोणी देऊन टाकतं का?"

"टाकतात." मावशींचा आवाज उगाच चढला. "आणि देणारे सगळेच काही दगडाच्या काळजाचे नसतात. कधीकधी माणसाचा इलाज चालत नाही."

"नसेल चालत," मुलगी हळूच म्हणाली. मग तिनं विचारलं, "याला दोनदा परत का केलं?"

"रडतो म्हणून."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरूनच."

तेव्हा कुठे मावशींच्या लक्षात आलं की रड्या केव्हाच गप्प झाला होता. मुलीच्या ओढणीचं टोक तोंडात धरून तो डोळे मिटून पडला होता. इतका शांत तो त्यांना तीन आठवड्यांत दिसला नव्हता. त्यांना भरून आलं. उरलेले प्रश्न त्यांनी वाचले खरे, पण मनात निर्णय झाला होता.

"अठ्ठाविसावा. पहिले काही दिवस हा मला शोधेल. दाराशी बसून राहील, खाणार नाही. तेव्हा रागावणार नाहीस ना?"

"नाही. शोधू देईन."

असं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. मावशींनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुढे सरकवला. मुलीनं सही केली. पिल्लू निघालं की मावशी नेहमी आत जाऊन नळ सोडून ठेवत, दार लागल्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आज त्या जागच्या उठल्या नाहीत. या मुलीबरोबर फाटकापर्यंत जावं असं त्यांना वाटत होतं.

"हा आता परत यायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझा जीव भांड्यात पडला बघ. तुला काही विचारायचंय?"

"एकच."

"एक का, अठ्ठावीस विचार!" मावशी हसल्या.

मुलीनं पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर ठेवलं.

"मला देताना तिला यातला एक तरी प्रश्न विचारला होतास का, आई?"