उतारात अडकलेली मोटार

संतराम मोटारीखाली उताणा पडला होता. बाहेर आलेल्या त्याच्या पायांकडं पाहून उकंडराव जमादार बाजूला थुंकला.

"हाये का जीव तिच्यात अजून?"

"हाये की, साहेब. जरा खोकला धरलाय तिनं," संतराम खालूनच म्हणाला.

शिपाई हसले. नाका पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर होता. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं हिंदुस्थान. अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. नदीत घोटाभर पाणी उरलं होतं. माणसं, बैलगाड्या, मेंढरं, सगळी पात्रातल्या उथळ उतारानंच पलीकडं जायची.

संतरामची लेक शकुबाई पलीकडच्या गावात दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, म्हणून जाण्यायेण्याचा परवाना त्यानं काढून घेतला होता. मोटार त्याच्या या लेकीएवढीच जुनी. तिला तो मिस्तरीचा हात लागू देत नसे. सगळी दुरुस्ती घरीच. टायरात घालायला ट्यूब मिळेना, म्हणून त्यानं कडबा ठासून भरला होता. पुढची पाण्याची टाकी गळायला लागली, तेव्हा तिच्यात ज्वारीचं पीठ टाकलं. पाणी तापलं की पीठ शिजतं, घट्ट होतं आणि बारीक भोकं बुजतात. इंजिनाला तेल मिळत नव्हतं, तिथं एरंडेल चालत होतं. त्याचा धूर इतका काळा, की मोटारीचा मागचा भाग तव्याच्या बुडासारखा झाला होता. मागून ढकलणारा माणूस घरी गेला तर बायकोनं ओळखू नये.

"मोटार हाये का सैपाकघर?" उकंडराव दर खेपेला विचारायचा. दर खेपेला गाडी नाक्याशी येऊन बंद पडायची. शिपाई ती ढकलायचे, काळे व्हायचे आणि संतरामला शिव्या घालायचे. संतराम मान खाली घालून ऐकून घ्यायचा. अशा माणसाची उकंडरावाला कीव येत नव्हती, किळस येत होती.

आज मात्र त्याला हसू येत नव्हतं. चावडीवर तिरंगा लावून फरार झालेला सोनाजी मास्तर नदी ओलांडणार, अशी खबर होती. तो पलीकडं गेला तर कमरेचा पट्टा उतरवून घरी जायचं, असं वरच्या साहेबानं बजावलं होतं. साहेब दुपारी स्वतः नाक्यावर येणार होता. आणि सोनाजी हा संतरामचा सख्खा भाचा.

त्यामुळं उकंडरावानं मोटारीची झडती स्वतः घेतली. गाद्या फाडल्या. बैठकीखाली काठी घालून पाहिलं. इंजिनावरचं झाकणही उघडायला लावलं. आत चामड्याचे तुकडे, सुतळ्या आणि चिंध्या. माणूस काही नव्हता.

"मास्तर कुठं हाये?"

"मला काय ठाव, साहेब? दोन बुकं शिकल्यापासून त्यानं मामाची ओळख सोडली. या गाडीत बसायची त्याला लाज वाटती."

ते उकंडरावाला पटलं. त्यानं मास्तरला एकदा लांबून पाहिलं होतं. कडक इस्त्रीचा सदरा, मऊ हात, धूळ उडाली की नाकाला रुमाल.

"त्याला लाज तरी हाये. तुला तीबी न्हाई. नीघ."

संतरामनं हँडल फिरवलं. गाडी खोकली, धूर सोडला आणि उतारात शिरली. नदीच्या मधोमध गेली आणि गप्प झाली.

मागं नाक्यावर बैलगाड्या थांबल्या होत्या. त्यांच्या मागं मसाजी धनगराचा कळप. इतक्यात हिंगोलीच्या बाजूला रस्त्यावर धूळ दिसली. साहेबाची लॉरी येत होती आणि उतारात हा खटारा आडवा.

उकंडरावानं शिपायांकडं पाहिलं. ते आपल्या धुतलेल्या कपड्यांकडं पाहत होते. मग तो रांगेकडं वळला. गाडीवान, धनगर, जो दिसेल त्याला त्यानं पाण्यात उतरायला सांगितलं.

मसाजी जागचा हलला नाही. "आमची झडती व्हायची हाये, साहेब. मागून आमाला बोल नको."

"मेंढरं राखणाराची काय झडती घ्यायची? खिशात लेंड्या सापडायच्या. ढकल."

माणसं पाण्यात उतरली. मसाजीचा एक तरणा गडी डोक्यावरून घोंगडी ओढून मागंच रेंगाळत होता. उकंडरावानं त्याच्या पाठीत काठी हाणली.

"काहून उभा राहिला रे मेंढरावानी? लाव खांदा."

गड्यानं खांदा लावला. काजळीनं माखलेल्या पत्र्याला त्याचं तोंडही टेकलं. बाकीचे काळे झाले तसा तोही झाला. काठावर उभे राहून शिपाई पोट धरून हसत होते. उकंडराव ओरडून सांगत होता, की काठावर सोडू नका, चढावरून खाली येईल. पार वर न्या, बाभळीच्या पलीकडं सोडा.

मोटार चढली आणि बाभळींआड गेली. उतार मोकळा झाला, तेवढ्यात लॉरी येऊन थांबली. साहेबानं काचेतूनच विचारलं. उकंडरावानं टाचा जुळवल्या आणि सांगितलं, की पक्की झडती घेतल्याशिवाय आज एक माणूस पलीकडं गेलेला नाही.

बाभळीपलीकडं ढकलणारे आपापल्या बैलांकडं, मेंढरांकडं परत फिरले. घोंगडीवाला गडी तेवढा थांबला. संतराम खाली वाकला. नदीच्या मधोमध स्वतःच बंद केलेली पेट्रोलची तोटी त्यानं उघडली.

"बस, सोनाजी," तो म्हणाला. "आता ढकलायचं काम न्हाई."