पातं मिटलंच कसं?

साहेबांनी उघड्या चाकूची पाठ टेबलाच्या कडेवर दाणकन आपटली. पातं मिटलं नाही. पुन्हा आपटली. तरी मिटलं नाही.

"दिसतंय ना?" ते म्हणाले. "आणि म्हणे आपोआप मिटला!"

समोर वहिनी उभी होती. गोदामात कापडाचे गठ्ठे सोडायचं तिचं काम. डावा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये होता आणि त्यातली दोन बोटं आता कधीच पुरती वळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारी तिची नणंद. तीही गोदामात वहिनीच्याच टेबलावर कामाला. ती वहिनी म्हणे, म्हणून सगळं गोदाम वहिनी म्हणे. निष्काळजीपणा ठरला तर वहिनीची नोकरी जाणार होती, आणि ठरवणारे साहेब आधीच ठरवून बसले होते. सुरक्षेचं खातं त्यांच्याकडे होतं. सुरक्षा कुणाची, ते विचारू नका.

चाकू त्यांनीच निवडून आणलेला. जुना चाकू उघडायला दोन्ही हात लागायचे, वर नख मोडायचं ते वेगळंच. या नव्याच्या पात्याला दोन्ही अंगांनी गुंडी होती. अंगठ्याने ढकलली की पातं खटकन बाहेर. मुठीतली पोलादी पट्टी लगेच पात्यामागे जाऊन अडकायची आणि ती बाजूला सारल्याशिवाय पातं मिटत नसे. साहेब कितीतरी दिवस तो खिशात घालून फिरले होते आणि भेटेल त्याला उघडून दाखवत होते. हौस असते एकेकाला.

"जखम डाव्या हाताला. म्हणजे चाकू उजव्यात," ते म्हणाले. "डाव्यानं गठ्ठा धरलास आणि हात पात्याच्या वाटेत घातलास. सरळ आहे."

"साहेब, मी तर..."

साहेबांनी हात वर केला. नणंदेला मात्र गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं.

"टेबलावर आपटून काय कळतंय? आम्ही काय टेबलं फोडतो? सुतळी कापून बघा!"

साहेबांनी कोपऱ्यातला गठ्ठा पुढे ओढला आणि त्याची सुतळी कचाकच कापली. पातं ताठच्या ताठ. आता त्यांचा पारा चढला. चुका स्वतः करायच्या आणि खापर चांगल्या हत्यारावर फोडायचं, ही या बायांची जुनीच खोड, असं त्यांचं मत होतं.

"घे, तूच करून दाखव," म्हणत त्यांनी चाकू मिटून वहिनीपुढे सरकवला.

वहिनीने तो उजव्या हाताने उचलला. अंगठा गुंडीवरून घसरला. परत घसरला. पातं कसंबसं अर्धं बाहेर आलं आणि चाकू हातातून निसटून खाली पडला.

साहेब खुर्चीत रेलून हसले. "इतकी वर्षं गठ्ठे सोडतेस आणि चाकू उघडता येत नाही? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"कसा येईल?" नणंद कडाडली. "तिचा कापायचा हात बांधून ठेवलाय ना! डावखुरी आहे ती!"

टेबलावरच्या सगळ्या बायांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेली गोष्ट साहेबांना ठाऊक नसेल, हे नणंदेच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि साहेबांनी हजार प्रश्न विचारले होते, पण चाकू कुठल्या हातात होता, एवढं विचारलं नव्हतं.

त्यांनी वाकून चाकू उचलला, डाव्या हातात घेतला. उघडला तो सहज. गुंडी त्या बाजूलाही होतीच. दुसऱ्या सुतळीखाली पातं घालून त्यांनी मूठ आवळली आणि जोर लावला. पट्टी सारायची चाकूच्या मुठीतली खाच उजव्या अंगठ्यासाठी कापलेली. डाव्या मुठीत तिथे पहिल्या बोटाचं मांस घुसलं. पट्टी सरकली. पात्याची पाठ गठ्ठ्यावर दाबली गेली आणि पातं बोटांकडे वळलं.

साहेबांनी चाकू टाकून दिला. आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. शाबूत होती.

"दोष तुझा नाही," ते कसेबसे म्हणाले. "तसं वर कळवतो." मग एकदम उसळले, "पण रोज सकाळी माझ्यासमोर सही तर उजव्या हातानं करतेस! मला कसं कळणार?"

इतका वेळ खाली मान घालून उभी असलेली वहिनी वर बघून म्हणाली, "लिहायचा हात शाळेत छड्या मारून बदलला, साहेब. कापायचा राहिला होता. तो तुमच्या चाकूनं बदलला."