पट्टा

नव्या नोकरीचा पहिलाच दिवस आणि त्यात उशीर. ॲपवर कारपूल ठरवला होता; कोपऱ्यावर पांढरी गाडी दिसताच आत बसलो, पट्टा लावला, ऑफिसचा पत्ता सांगितला आणि "चला" म्हणालो. चालवणाऱ्या काकूंनी मुकाट्याने गाडी काढली. घाबरलो की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. नवं गाव, भाड्याची खोली, मुलाखतीतला खडूस साहेब. प्रत्येक सिग्नलला पाय आपटत सगळं सांगून टाकलं. काकू "मग?" म्हणत राहिल्या. अर्ध्या वाटेत फोन वाजला. "कुठे आहात? मी कारपूलवाला, कोपऱ्यावर थांबलोय." मी चटकन पट्टा सोडला. "काकू, तुम्ही कुठे निघाला होतात?" "दूध आणायला." "मग बोलला का नाहीत?" त्यांनी गाडी कडेला घेतली. "इतक्या हक्काने 'चला' म्हणालात. हे गेल्यापासून तसं कुणी म्हटलंच नव्हतं." घड्याळ बघितलं, पट्टा पुन्हा लावला. "चला काकू, आधी दूध घेऊ."