डावीकडचं व्हायोलिन

माझा डावा कान लहानपणीच गेला. त्यामुळे स्टिरिओ माझ्या काय कामाचा, असं वहिनीला शंभरदा सांगितलं. पण ती रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणारी, ऐकतेय कशाला! तिनेच अॅम्प्लिफायर निवडला, कॉम्प्युटरला जोडला, दोन स्पीकर मांडले आणि टेपने मोजून माझी खुर्ची बरोब्बर मधोमध ठेवली.

ती गेल्यावर गाणं लावलं, तर डावीकडून व्हायोलिन ऐकू आलं. चाळीस वर्षांनी! मी लहान मुलासारखा रडलो.

मग आठवडाभर रोज फोन. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"इश्श, उपकार कसले भाऊजी! चहा पाजा म्हणजे झालं."

रविवारी ती चहाला आली. गाणं चालूच होतं. ती सहज डाव्या स्पीकरमागे वाकली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अगंबाई! याची वायर जोडायचीच राहिली की हो माझ्याकडून. आठवडाभर हा मुकाच आहे!"

सुटी वायर तिच्या हातात लोंबत होती. डावीकडे व्हायोलिन वाजतच होतं.

"थांबा, आत्ता जोडते."

व्हायोलिन थांबलं. डाव्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी हळूच म्हणालं, "नको जोडू देऊस. उपकार होतील तुझे."