तुटक्या कानाचा सिंह

फाटकावरच्या सिमेंटच्या सिंहाचा डावा कान तुटलेला होता. केतकीनं फोन समोर धरला. खेळातल्या सिंहाचाही तोच कान तुटका होता.

"हेच घर," ती म्हणाली.

"मिल गया साला!" गौरांगनं काखेतली हॉकी स्टिक हातात घेतली. परीक्षितनं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. रविवारची दुपार होती. भोपाळच्या शाहपुऱ्यातली सगळी कॉलनी जेवून आडवी झाली होती.

'सातवा बुरूज' हा ऑनलाइन खेळ महिन्यापूर्वी थांबला होता. खेळता अजून येत होता, पण बनवणाऱ्यानं दोन ओळींत कळवून टाकलं होतं: यापुढे नवा भाग नाही. सरदाराची हवेली हा शेवटचा मुक्काम. तो माणूस कोण, कुठला, हे तीन वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं. खेळणारे हजारो. कुणी रडलं, कुणी शिव्या घातल्या, कुणी जेवण सोडलं. केतकीनं दोन दिवस ऑफिसला दांडी मारली. बाबा गेले त्या वर्षी तिला याच खेळानं तगवलं होतं.

पहिल्याच भागात तळ्याच्या पायरीवर एक मुलगी बसलेली असते. लाल रिबिनी, पुढचे दोन दात पडलेले. ती बोट दाखवेल तिकडे जायचं आणि शेवटी तिला घरी पोचवायचं, एवढाच तर खेळ. आता ती कायमची पायरीवर राहणार होती. केतकीला बनवणाऱ्यापुढे हात जोडायचे होते. म्हणायचं होतं, बाकी काही नको, त्या पोरीला तेवढं घरी पोचवा.

गौरांगला हात जोडायचे नव्हते.

भोपाळच्या या खेळाडूंना सांभाळलं होतं विश्वनाथ सरांनी. एकाहत्तर वर्षांचे, गणिताचे निवृत्त मास्तर. दर रविवारी बिट्टन मार्केटातल्या चहाच्या टपरीवर कागदावर आकृत्या काढून शिकवत. "सरदाराला छातीवर मारून काही होत नाही, बाळांनो. उजवा पाय. आधी उजवा पाय." कुणाला जमलं नाही तर दहादा सांगत. आवाज कधी चढला नाही.

घर शोधायलाही त्यांनीच शिकवलं. "माणूस रोज बघतो तेच चित्रात काढतो. हवेलीमागे हे तळं बघा, ही टेकडी बघा. शाहपुऱ्यातल्या गल्ल्या एकेक करून पालथ्या घाला." तीन रविवार पोरं तेच करत होती.

आज सर आले नव्हते, गुडघे दुखत होते म्हणून. "मारामारी नको," त्यांनी बजावलं होतं. "नुसतं विचारा. फक्त एक लक्षात ठेवा. चूक केलेलं मूल आधी नाहीच म्हणतं. तेवढ्यावर परत फिरू नका."

केतकीनं बेल दाबली. पन्नाशीचा एक माणूस बनियनवर बाहेर आला. त्याच्यामागे पोर्चमध्ये पांढरी गाडी उभी होती.

"अंकल, 'सातवा बुरूज' आप ही ने बनाया है ना?"

"क्या बनाया?"

"गेम."

"कौन सा गेम, बेटा? मेरी तो सीमेंट की एजेंसी है."

"नाही म्हणाला," परीक्षित पुटपुटला.

गौरांगनं त्या माणसाला फाटकातून आत ढकललं आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. "ये घर किसका है? ये शेर? और ये लड़की?"

माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. "ये... ये किसने बनाया?"

"ऐकलंस? आपल्यालाच विचारतोय!" गौरांग ओरडला.

पहिला फटका उजव्या गुडघ्यावर बसला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. माणूस कोसळला. परीक्षितनं त्याचे हात दाबून धरले, खेळात धरायचा तसेच. गौरांगची काठी त्याच पायावर पुन्हा पुन्हा उतरत होती. फरशीवर रक्ताचा ओघळ गाडीच्या चाकाकडे चालला.

"ब्रेक फेल था, भैया! मैंने पैर पूरा दबाया था!" तो किंचाळला. "कोर्ट ने भी मान लिया था!"

"आता कोर्ट काढतोय! सर म्हणालेच होते!"

"बस कर, यार गौरांग, मरेल तो!" केतकी ओरडली. माणसानं तिचा घोटा पकडला. तिनं घाबरून त्याच्या बोटांवर टाच मारली. बोटं सुटली. आतून कुणा बाईची किंकाळी आली आणि तिघं तीन दिशांना पळाले.

केतकीच्या सँडलला रक्त लागलं होतं. पोलिसांकडे जावं की घरी, तिला सुचेना. ती बिट्टन मार्केटामागे सरांच्या घरी गेली. इतक्या वर्षांत ती त्या दारात पहिल्यांदाच येत होती. भेट नेहमी टपरीवरच व्हायची.

दार उघडंच होतं. "ये, बाळ," सर म्हणाले.

"सर, तो नव्हताच तो! त्याला खेळाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आपण चुकीच्या माणसाला मारलं, सर."

"घाई नको. आधी पाणी पी."

तिनं पेला तोंडाला लावला. पाणी पिता पिता तिची नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर गेली. पडद्यावर ओळखीचं तळं होतं, पण असा भाग तिनं कधी खेळला नव्हता. पायरी रिकामी होती. मुलगी उठून एका दाराशी आली होती. दारावर पाटी होती, विश्वनाथ. लॅपटॉपच्या वर, भिंतीवर, चंदनाच्या हारात एक फोटो होता. लाल रिबिनी. पुढचे दोन दात पडलेले.

सरांनी तिच्या हातातून रिकामा पेला अलगद काढून घेतला.

"आता नीट आठवून सांग," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. "उजवाच पाय ना?"