मावशी बोलली तसंच

"हे बघ, ती म्हणेल ते सगळंच्या सगळं बाईंच्या कानावर घालायचं असं काही नाही," मॅनेजर म्हणाले. "सार सांगायचं. समजलं?"

समजलं म्हणावं तर समजलं नव्हतं. सार म्हणजे नेमकं किती, हे विचारेपर्यंत मॅनेजर व्हरांड्यातून निघूनही गेले.

घोळ असा होता, की पाम तेल विकत घेणाऱ्या परदेशी खरेदीदारांकडे कंपनीची तक्रार गेली होती. तेलगिरणीचं काळं पाणी ओढ्यात सोडतात. मळ्यात औषध फवारणाऱ्या बायकांना हातमोजे देत नाहीत. तोंड उघडेल त्याला चाळीतल्या खोलीतून बाहेर काढतात. खरेदीदारांनी कळवलं, आमच्या एक बाई येऊन कामगारांशी एकांतात बोलतील. कंपनीचं कोणी खोलीत नको. दुभाषी तेवढी द्या, कारण मळ्यातली बोली आमच्या बाईंना येत नाही.

आणि दुभाषी कोण? तर ही. कंपनीच्या शाळेत शिकलेली, कंपनीच्याच कचेरीत चिकटलेली. आत बोलायला येणार होती तिची सख्खी मावशी, आई गेल्यावर तिला लहानाची मोठी करणारी. मॅनेजरना हे ठाऊक नव्हतं थोडंच! मावशीचं काम गेलं की खोली गेली, तेव्हा भाची जिभेला आवर घालणारच, इतकं न कळण्याएवढी ती बावळट नव्हती.

सकाळपासून तिचं नुसतं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. खरं सांगावं, तर मावशी रस्त्यावर. गोड गोड सांगावं, तर मावशीची उललेली बोटं आणि अंधूक झालेला डावा डोळा कुठे लपवायचा? डोक्याचा पार भुगा झाला.

बाई आल्या. एवढ्या लांबून पाहुणी येणार म्हणजे कचेरीत धावपळ असेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! फरशीसुद्धा कोणी पुसली नव्हती. बाई गाडीतून उतरल्या, तरातरा बोळातून मागच्या खोलीत येऊन बसल्या. पाण्याचा पेला आणून ठेवायलाही तिलाच धावावं लागलं. मॅनेजरना झालंय तरी काय, असा विचार तिच्या चेहऱ्यावर उमटला असावा.

"मला मानपान आवडत नाही," बाई हसून म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं तसं."

किती साधी बाई, तिच्या मनात आलं.

मावशी आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. "सांग ह्यांना, सगळं छान आहे. हातमोजे मिळतात, पाणी स्वच्छ आहे. जाऊ मी?"

"अगं मावशी!"

"काय अगं?"

घरी कंपनीला लाखोली वाहणारी ही बाई इथे देवमाणसासारखी बोलते काय! खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिला रागच आला, आणि राग का आला तेही कळेना.

"घाबरल्यात का त्या?" बाईंनी विचारलं. "सांगा त्यांना, केसालाही धक्का लागणार नाही. माझा शब्द."

तिनं सांगितलं. मावशीनं बाईंकडे बघितलंच नाही. ती भाचीकडे बघत राहिली.

"मला हिचं काही कळत नाही. तू शिकलेली आहेस. ही भरवशाची आहे का, ते तू सांग. तू म्हणशील तर बोलते."

आली का पंचाईत! तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"बोल, मावशी."

मग मावशी जी सुटली! वारा फिरला की औषध तोंडावर येतं. पाठीवरचा पंप गळतो. ओढ्यात धुतलेलं लुगडं अंगाला लागलं की अंग पेटतं. धाकट्या जावेचं बाळ पोटातच गेलं, तर मुकादम म्हणाला, तुझंच नशीब. भाचीनं सार-बीर काही काढलं नाही. मावशी बोलली तसंच, शिव्यांसकट सांगितलं. बाईंनी मावशीचा हात हातात घेतला, तेव्हा भाचीलाच रडू फुटलं.

"एकीच्या बोलण्यानं काही होत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आणखी कोण कोण असं म्हणतं? तक्रार कोणी कळवली? नावं असतील तर मला त्यांच्यासाठी भांडता येईल."

"नावं नकोत," मावशी म्हणाली. "मी कोण दुसऱ्यांची नावं सांगणारी?"

"सांग गं. बिननावाच्या तक्रारीला कोण विचारतं?"

मावशीनं भाचीवर विश्वास टाकला. शेजारची बुटकी, जुळ्यांची आई, गाणारी, आणि फोन करून तक्रार कळवणारी वजनकाट्यावरची पोरगी. मावशीला टोपणनावंच ठाऊक. पुरी नावं आणि खोल्या भाचीनं सांगितल्या.

बाहेर पडताना मावशी म्हणाली, "घसा सुकला बघ. तुझ्या आईनंसुद्धा इतकं कधी ऐकून घेतलं नाही माझं." आणि खुदकन हसली. कित्येक दिवसांनी हसली. तिला घरी धाडून भाची व्हरांड्यात आली. गाडीपाशी मॅनेजर बाईंशी बोलत उभे होते. आता माघार नाही.

"साहेब, मी सार नाही सांगितलं. सगळं सांगितलं. काढायचं तर मला काढा, मावशीला नका काढू."

"तुला कोण काढतंय?" मॅनेजर प्रसन्न हसले. "उलट फार उपयोग झाला तुझा. रंगीत तालीम घ्यायची म्हणून तर ह्या मॅडमना आपल्या मुख्य कचेरीतून बोलावलं होतं. खरेदीदारांच्या बाई उद्या येणार आहेत."