एकही डाग नाही

आपल्या जुळ्या मुलींपैकी लहानपणीच गेलेल्या सोनीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच आईचं म्हणणं होतं. लेकाने वडिलांचे सगळे कृष्णधवल रोल स्कॅन केले. एकेक फोटो हाताने साफ कोण करत बसणार, म्हणून त्याने धूळ नि ठिपके आपोआप पुसून मूळ स्कॅनच्या जागी साफ फोटो गॅलरीत चढवणारा प्रोग्राम लिहिला. ‘आता निगेटिव्हचं काय लोणचं घालायचंय?’ म्हणत त्याने ते रोलही कचऱ्यात टाकले.

“बघ आई, एक डाग शिल्लक नाही.”

आईने फोटोतल्या दोघींच्या हनुवट्यांवरून आळीपाळीने बोट फिरवलं. मग पुढच्या फोटोत. मग त्याच्याही पुढच्या.

 

“तीळ होता रे हनुवटीवर,” ती म्हणाली. “आता यातली सोनी कुठली?”